उतरवलेली तळओळ

दिवाळी सरली, मोंढ्यात कापसाच्या गाड्यांची रांग वेशीपर्यंत लागली, तरी एकाही आडत्याचा माणूस पावतीपुस्तकं मागायला छापखान्याची पायरी चढला नाही. तेव्हा सुनेत्रानं ठरवलं, की आता आपणच जाऊन विचारायचं.

अनंतरावांना जाऊन महिना उलटला होता. परभणीतला त्यांचा उदय छापखाना म्हणजे दोन खोल्या, एक पायानं चालवायचं छपाईचं ट्रेडल आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसी. बाहेरच्या खोलीत अनंतराव बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे, पान द्यायचे. आतल्या खोलीत खिडकीपाशी उभी राहून सुनेत्रा खिळे जुळवायची. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन ती माहेरी आली, तेव्हा वडिलांनी, तिच्या अण्णांनी, तिला पंधरा दिवस रडू दिलं आणि सोळाव्या दिवशी आत नेऊन केसपुढे उभं केलं. "हे क-चं घर, हे त-चं. डोळ्यांनी शोधायचं नाही, हाताला माहीत झालं पाहिजे," एवढंच म्हणाले. त्याला अकरा वर्षं झाली होती. मोंढ्यातल्या प्रत्येक दुकानाची पावती गेली आठ वर्षं तिच्याच हातची होती. मोंढ्याला मात्र ते ठाऊक नव्हतं.

छापखान्यातला जुना माणूस लिंबाजी. ट्रेडल तोच मारायचा, शाई तोच घोटायचा. मोंढ्यात जायचं म्हटल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, "बाई, तुमी कशाला? बाजार हाय तो. मी जाऊन येतो की."

"तू गेल्या आठवड्यात गेला होतास. काय घेऊन आलास?"

 लिंबाजी छत्री घेऊन तिच्या मागं निघाला.

किशनराव आडते जुने गिऱ्हाईक. सुनेत्राला दुकानाशी बघून ते गादीवरून अर्धे उठले. "या, या. अनंतरावांच्या लेक ना तुमी? लय वाईट झालं. असा माणूस व्हायचा न्हाई."

सुनेत्रानं सरळच विचारलं, की यंदा पुस्तकं लागणार नाहीत का.

"लागणार न्हाईत कशी? आली की." किशनरावांनी गादीखालून कोरं पावतीपुस्तक काढून तिच्यापुढं धरलं. "नांदेडहून आली, आबासाहेबांच्या छापखान्यातनं. कागद बगा कसा हाय, लोण्यावाणी. पर म्या बजावलं व्हतं, जुळणी हाय तीच ठेवा. अनंतरावांच्या हातची हाय. तसा हात आता हुडकून सापडायचा न्हाई."

सुनेत्रानं पान उलटलं. कडेची आंब्याच्या पानांची वेल तिची होती. वरचा उजवा कोपरा जुळत नव्हता म्हणून तिनं एका पानाचं टोक कानशीनं घासून बसवलं होतं, ते घासलेलं टोकही जागेवर होतं. बदललं होतं ते फक्त सगळ्यात खाली. तिथं बारीक अक्षरांत 'उदय छापखाना, परभणी' असायचं. आता तिथं 'संयुक्त छापखाना, नांदेड' असं होतं.

"किती छान," ती म्हणाली, आणि पुस्तक परत दिलं.

हे समजायला छापखानेवाल्यांची एक रीत माहीत असावी लागते. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा मजकूर दरवर्षी नव्यानं कोण जुळवत बसणार? एकदा जुळवलेली पावती दोऱ्यानं करकचून बांधून फळीवर ठेवून द्यायची. हा बांधलेला फर्मा म्हणजेच गिऱ्हाईक. ज्याच्या फळीवर किशनरावांचा फर्मा, त्याचे किशनराव. एखाद्याचं यंत्र बिघडलं, घरात आजारपण निघालं, तर तो आपले फर्मे शेजारच्या गावच्या छापखान्यात पाठवायचा. तिथला माणूस छापून द्यायचा, पण खालची तळओळ मूळ मालकाचीच राहायची. तिला हात लावायचा नाही. कागद नाही, साक्षीदार नाही, फक्त हा शिरस्ता. आणि एखाद्यानं गिऱ्हाईक कायमचंच सोडलं, तर त्यानं आपल्या हातानं आपली तळओळ उपसायची, तिथं कोरी पट्टी घालायची आणि मग फर्मा द्यायचा. याला म्हणायचं ओळ उतरवून देणं. दुसऱ्याची ओळ उतरवणाऱ्याला या धंद्यात पाणी कुणी विचारत नसे.

श्रावणात अण्णांनी सांगितलं होतं, की ट्रेडलचा दांडा वाकलाय, नवा हैदराबादेहून यायला लढाईमुळं महिने लागतील. तोवर फर्मे पूर्णेला विष्णुपंतांच्या छापखान्यात राहू देत. एकशे बारा फर्मे होते. लिंबाजीनं ते पेट्यांत भरून गाडीनं नेले होते.

म्हणजे ओळ विष्णुपंतकाकांनी उतरवली होती.

 घरी येऊन ती म्हणाली, "लिंबाजी, उद्या सकाळच्या गाडीनं पूर्णेला जायचं."

"बाई, झालं ते झालं. मेलेल्या म्हशीचं दूध काढून काय करायचं?"

"म्हैस मेली की चोरली, ते बघून येऊ."

सकाळी गाडीत लिंबाजी समोरच्या बाकावर अंग चोरून बसला. पिंगळीला गाडी थांबली तशी पाणी आणतो म्हणून उतरला, आणि गाडी हलल्यावर धावत येऊन चढला. तांब्या रिकामाच होता.

सुनेत्रा खिडकीबाहेर बघत होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. तिला विष्णुपंतांचं बोलणं आठवत होतं. ते आणि अण्णा एकाच वर्षी, पुण्यात एकाच उस्तादाच्या हाताखाली खिळे जुळवायला शिकले. परत येऊन एकानं परभणीला छापखाना काढला, एकानं पूर्णेला. लढाई लागली, कागद मिळेनासा झाला, तेव्हा नांदेडच्या आबासाहेबांनी कुठून कसा कोण जाणे कागदाचा सगळा साठा ताब्यात घेतला आणि लहान छापखान्यांना एकेक करून निरोप धाडले. कागद हवा असेल तर आमच्यात या. सेलूचा गेला. मानवतचा गेला. जिंतूरचा गेला, त्याचं यंत्र बैलगाडीतून नांदेडला जाताना रस्त्यावरच्या पोरांनी वरात म्हणून ताशा वाजवला. राहिले ते हे दोघे. विष्णुपंत परभणीला आले की अण्णांना टाळी देत म्हणायचे, "अनंता, तू गेलास तर तुझं तेरावं मी घालीन, मी गेलो तर माझं तू. आबासाहेबाला जेवायला बोलवायचं नाही." अण्णा पोट धरून हसायचे. तेराव्याला विष्णुपंत आले होते. पंगतीत लाडू त्यांनीच वाढले होते.

पूर्णेचा छापखाना स्टेशनाच्या मागं होता. विष्णुपंत एकटेच प्रुफं बघत बसले होते. तिला दारात बघून त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले.

"सुनेत्रा! अगं, कळवायचं तरी. बस, चहा टाकायला सांगतो."

"काका, तळओळ कुणी उतरवली?"

विष्णुपंत काच पुसत राहिले.

"किशनरावांची पावती बघून आले मी काल. अण्णांनी फर्मे तुमच्याकडं ठेवायला दिले होते, विकायला नव्हे. आबासाहेबाच्या हातात तुम्ही ते कसे दिलेत?"

"बस आधी."

"बसायला नाही आले. दुसऱ्याच्या फर्म्यातली ओळ काढणारा आणि दुसऱ्याच्या ताटातला घास काढणारा सारखाच, हे मला कुणी शिकवलं होतं? अण्णांनी नाही, तुम्ही. मी दहा दिवसांची विद्यार्थीण होते, तुम्ही त्या स्टुलावर बसून सांगितलं होतंत. आणि तेराव्याला तुम्ही माझ्या पानात लाडू वाढलात! हात कसा वळला तुमचा?"

"मी काढली असं समज," विष्णुपंत खाली बघत म्हणाले. "चुकलो म्हण. दोन शिव्या दे आणि दुपारच्या गाडीनं परत जा. तुझ्या बापाच्या जागी आहे मी, ऐक."

"बापाच्या जागेवरून उतरा आधी. माझे फर्मे द्या."

"ते नेता येणार नाहीत."

"पंत," दारात उभा असलेला लिंबाजी अचानक म्हणाला, "बास करा आता. सांगून टाका."

सुनेत्रानं वळून त्याच्याकडं पाहिलं. मग काही न विचारता ती मागच्या खोलीत गेली.

पेट्या उघड्याच होत्या. फर्मे ओळीनं उभे लावले होते. प्रत्येकावर नांदेडची खडूची खूण होती. एकदा नांदेडला जाऊन छापून आलेले, आता कायमचे तिकडं जायचे. तिनं पहिला उचलला आणि उजेडाकडं नेला.

तो किशनरावांचा होता. तळाची कोरी पट्टी काढून तिथं नांदेडची ओळ दोरा न सोडताच चिमट्यानं सरकवली होती. खिळे तिचे, वेल तिची, दोरा मात्र तिचा नव्हता. सुनेत्रा दोरा डावीकडून उजवीकडं गुंडाळायची, चार वेढे द्यायची आणि टोक कोपऱ्यात पट्टीनं दाबून बसवायची. सगळेच तसं करतात. हा दोरा उलटा, उजवीकडून डावीकडं गेला होता. तिच्या माहितीत असा दोरा एकच माणूस गुंडाळायचा, कारण तो डावखुरा होता. वेढे ढिले होते, एकावर एक चढले होते. एका जागी दोरा निसटून पुन्हा ओढलेला दिसत होता.

तिनं दुसरा उचलला. तिसरा. पेटीच्या तळातला एक. सगळे तसेच.

शेवटची दोन वर्षं अण्णांचे हात कापायचे. त्यांना पानाला चुना लावता येत नव्हता, सुनेत्राच लावून द्यायची. दुपारी ती जेवून तासभर घरी पडायला जायची, तेव्हा अण्णा म्हणायचे, तू जा, मी बसतो इथं, तेवढंच मन रमतं. त्या एकेका तासात त्या हातांनी तिच्या गाठी सोडल्या होत्या, आपली ओळ एकेक खिळा करून उपसली होती, कोरी पट्टी घातली होती आणि पुन्हा बांधलं होतं. एकशे बारा वेळा.

ती फर्मा हातात धरून उभी राहिली. बाहेर इंजिनात पाणी भरायचा आवाज येत होता. विष्णुपंत दाराशी आले.

"आबासाहेबाला दोन्ही छापखाने एकदम हवे होते," ते म्हणाले. "एक राहिला तर दुसऱ्याचं गिऱ्हाईक तिकडं जाणार. म्हणून दोन्ही नाहीतर एकही नाही. मी तयार होतो गं, खोटं कशाला बोलू? माझी चार पोरं आहेत. नांदेडला मला देखरेखीची जागा मिळतेय. अनंता तयार नव्हता. वर्षभर नाही म्हणत होता. मग छातीचं दुखणं सुरू झालं आणि एक दिवस स्वतःच आला. म्हणाला, माझ्यामागं ती एकटी बाई छापखाना कशी चालवेल? मोंढ्यातले लोक तिच्याशी बोलायलासुद्धा बिचकतील. आबासाहेबाला एकच अट घातली त्यानं. पोरीला नांदेडच्या छापखान्यात प्रुफं तपासायची जागा, राहायला बायकांच्या आळीत खोली, मरेपर्यंत. तसं लिहून घेतलंय. इज्जतीचं काम आहे, सुनेत्रा."

"इजाजत?"

छापखाना चालवायला सरकारची इजाजत, म्हणजे परवाना, लागायची आणि ती एका माणसाच्या नावानं असायची. अण्णांच्या माघारी ती आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज सुनेत्रानं लिहून ठेवला होता. उर्दूत, चांगल्या अक्षरात.

"परत केली त्यानं. श्रावणातच, कचेरीत जाऊन. बाईच्या नावानं नवी मिळाली नसती."

"विचारलं होतं कचेरीत?"

विष्णुपंत पुन्हा चष्मा पुसायला लागले.

"कुणीच विचारलं नव्हतं ना?"

"त्यानं मला शपथ घातली होती, कापसाचा हंगाम सरेपर्यंत तुला सांगायचं नाही. तुझ्या शिव्या मी खायच्या. म्हणाला, विष्ण्या, तिनं तुझा राग केला तर चालेल, माझा करायला नको."

सुनेत्रानं फर्मा पेटीत जागेवर ठेवला. शेजारच्या फर्म्याला लागून सरळ केला.

परतीच्या गाडीत लिंबाजीच बोलायला लागला. "बाई, दांडा वाकला न्हवता. मालकानं काढून ठिवायला लावला. माळ्यावर हाय, गोणपाटात. म्या न्हाई म्हणत व्हतो, तर म्हणले, लिंब्या, तुला माझ्या गळ्याची आण."

"आणि खिळे?"

"तेबी नांदेडसाठीच."

भाद्रपदात अण्णांनी तिला सांगितलं होतं, यंत्र बंद आहे तोवर सगळे खिळे सोड्याच्या पाण्यानं धू, घराघरांतले चुकलेले निवड, पुण्याहून नव्या केसी येणार आहेत. सहा आठवडे ती खिळे निवडत होती. बोटांची सालं निघाली होती. घरांत न मावलेल्या खिळ्यांच्या पुड्या बांधून प्रत्येकीवर तिनं आपल्या हातानं अक्षर लिहिलं होतं. शेवटच्या आजारात अण्णांनी तिची बोटं हातात घेऊन नखं न्याहाळली होती आणि म्हणाले होते, "शाई गेली बघ सगळी. आता हात स्वच्छ राहतील तुझे." तिला वाटलं होतं, ते सोड्याच्या पाण्याबद्दल बोलतायत.

घरी आई ओसरीवर सुपात ज्वारी घोळत होती. पार्वतीबाईंनी लेकीचा चेहरा पाहिला आणि सूप खाली ठेवलं.

"तुला माहीत होतं, आई?"

"तुला सांगितलं असतं तर तू होऊ दिलं असतंस का?"

"नाही."

"मग?" आई म्हणाली. "त्यांचा जीव तुझ्यात अडकला होता. शेवटच्या आठ दिवसांत दुसरं काही नव्हतं तोंडात, सुनेत्राचं काय, सुनेत्राचं काय. लोकांचे बाप पोरींना असं वाऱ्यावर सोडून जातात. यांनी मरेपर्यंतची सोय लावली. आणि तू अशी बघायलीस, जसं कुणी घर लुटलंय."

सुनेत्राला पुष्कळ बोलायचं होतं. पण ज्याला बोलायचं, तो ओसरीच्या भिंतीवर हार घालून बसला होता. त्यानं तिच्यासाठी सगळ्यांना विचारलं होतं. विष्णुपंतांना, आईला, लिंबाजीला, आबासाहेबांना. तिला विचारायला आतल्या खोलीचा दरवाजा मात्र त्याला ओलांडता आला नव्हता.

"जेवायला वाढ," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या दोन गाड्या येऊन छापखान्यापुढं थांबल्या. बरोबर विष्णुपंत होते आणि तीन हमाल. सुनेत्रा आधीपासून आत बसली होती. आदल्या दिवशी तिनं एक पुडी फोडली होती. मनात आलं होतं, की सगळ्या पुड्या, सगळ्या केसी फर्मे बांधायच्या दगडावर ओतून एकत्र कालवाव्यात. सतरा हजार खिळे. नांदेडचे खिळेवाले वर्षभर निवडत बसले असते. मूठ भरून तिनं दगडावर टाकलीही होती. ते सगळे त होते. दुसरी पुडी हातात घेतली, ती ल ची होती, आणि ल फोडता फोडता ती थांबली. मग तिनं त गोळा करून पुन्हा बांधले होते.

हमालांनी आधी ट्रेडल हलवलं. लिंबाजी दांडा माळ्यावरून काढून त्यांना देताना तिच्याकडं बघत नव्हता. दारात चार माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, भाग्यवान पोरगी, बापानं मागची सगळी व्यवस्था लावली. पार्वतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

विष्णुपंतांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "नांदेडचं पत्र आहे. इथं सही केलीस की पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं. खोली पाहून आलोय मी, हवेशीर आहे."

सुनेत्रानं कागद वाचला. सावकाश, प्रुफ वाचावं तसा. त्यात अण्णांचं नाव दोनदा होतं. तिचं नाव कुठंच नव्हतं. 'मयताची मुलगी' असं होतं.

"आबासाहेबांना सांगा, मला विचारायला स्वतः या म्हणावं."

"अगं, ते कसे येतील? इतका मोठा माणूस."

"मग राहू द्या." तिनं कागद त्यांच्या हातात परत दिला.

"सुनेत्रा, आई म्हातारी आहे. खाशील काय? त्या गेलेल्या जिवाचा तरी विचार कर. त्यानं हे सगळं कुणासाठी केलं?"

"त्यांनी केलं ते त्यांच्यासाठी केलं, काका. त्यांना सुखानं मरायचं होतं. मेले." तिचा आवाज अजिबात चढला नाही. दारातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. 

तेवढ्यात दोन हमालांनी आतल्या खोलीतली पहिली केस उचलली. मागचा उंच होता, पुढचा बुटका. केस कलली. घराघरांतले खिळे एका बाजूला सरकल्याचा आवाज झाला, सूप पाखडताना होतो तसा. आणखी बोटभर कलली असती तर सगळी अक्षरं एकमेकांत गेली असती. कालपासून जे करायचा तिला धीर झाला नव्हता, ते आपोआप झालं असतं आणि दोषही तिच्यावर आला नसता. तिला फक्त गप्प राहायचं होतं.

"आडवी धरा!" ती ओरडली. "अहो, मागं खाली घ्या! आडवी!"

हमाल जागच्या जागी थिजले. सुनेत्रा पुढं झाली, बुटक्याला बाजूला केलं आणि केसचं एक टोक स्वतः धरलं. ओझं भारी होतं. उंबरा ओलांडताना तिनं पाय चाचपून टाकला आणि मागच्याला म्हणाली, "हळू. घाई नाही."